शालन जेवायला थांबायची

बारामतीच्या मंडईत मी मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते, तेवढ्यात फोन आला. शालनच्या मुलाचा. "मावशी, आई गेली... सकाळीच." पुढचं मला ऐकूच आलं नाही. त्याआधीच्या आठवड्यात मी माळेगावला तिच्या घरी गेले होते. उशीला टेकून बसली होती, आवाज खोल गेलेला, आणि मला म्हणते कशी, "नलू, वाळलीस गं. वेळेवर जेवत नाहीस ना?" स्वतःच्या पोटात दोन घास ठरत नसताना ही बाई माझ्या जेवणाची चौकशी करतेय म्हणून मी तिला चांगलंच झापलं. ती हसली. माझ्याकडून झापून घ्यायची तिला हौसच होती. तिला जाऊन आता महिना होऊन गेला. माझ्यासारख्या तोंडाळ बाईचं ऐकून घेणारं माणूस गेलं की किती अवघड होतं, ते मला आत्ता कळतंय.

आम्ही दोघी बारामतीतल्या एकाच कॉलेजात शिकवायचो. ती आहारशास्त्र, मी संख्याशास्त्र. ती माळेगावच्या ऊसवाल्या घरातली लेक, आवाज शिवारात हाक मारायला शोभेल असा. स्टाफरूममध्ये ती हसली की शेजारच्या वर्गातल्या मुली दचकायच्या. तिने पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा विषय तिच्या मनात कधीचा पक्का होता. नववी-दहावीच्या पोरी दुपारच्या तासाला डुलक्या का घेतात, वाचलेलं त्यांच्या लक्षात का राहत नाही, त्यांच्या अंगात रक्त किती, आणि त्यांच्या आयांच्या अंगात किती. आकडेमोड माझ्या गळ्यात पडली, आणि तिच्या स्कूटरवर मागे बसायची शिक्षाही. ती स्कूटर अशी चालवायची की लासुर्ण्याला पोचेपर्यंत मी सगळे देव आठवून घेत असे.

लासुर्ण्यातल्या पहिल्या काही घरांतच गाडं अडलं. आरोग्यसेविका मायलेकींच्या बोटाला सुई टोचून रक्त तपासायची, आणि शालन विचारायची, "काल काय काय जेवलात?" बायका घडाघडा सांगायच्या. भाकरी, वांग्याची भाजी, मटकीची उसळ, वरण, भात, वर दही. ताटं अशी भरलेली आणि रक्त मात्र तळाला गेलेलं! मी म्हटलं, "एक तर तुझं यंत्र बिघडलंय, नाहीतर या बायका थापा मारतायत." शालनने वहीतली पानं मागेपुढे उलटून बघितली. मग म्हणाली, "थापा नाहीत गं. मी जेवण विचारते, त्या स्वयंपाक सांगतात." खरंच तसं होतं. आपण काय रांधलं हे त्यांना तोंडपाठ. पण सगळ्यांचं झाल्यावर आपल्या वाट्याला काय उरलं, हे कुणी कधी विचारलेलंच नव्हतं, त्यामुळे ते ध्यानात ठेवायची सवयच नव्हती.

मग तिने ठरवलं, विचारायचं नाही, बसून बघायचं. पहिलं घर मंगलवहिनींचं. त्यांचे सासरे आबा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. जेवायची वेळ झाली तशी पुरुषांबरोबर पाहुणीचं ताट वाढलं गेलं. शालन उठेचना. "माझं मंगलवहिनींबरोबर." आबा म्हणाले, "आवो मास्तरीणबाई, ती बसंल मागनं. तुमी बसा." "मग मी पण मागनंच बसते, आबा." आता आली का पंचाईत! पाहुणी उपाशी, आणि घरचा कर्ता घास कसा उचलणार? आबांनी दोन-तीनदा ताटाकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला, शेवटी आत बघून ओरडले, "मंगल, ये बाय, बस तू बी. आन् पोरीला बी घे. न्हायतर ह्या बाई आज मला उपाशी मारत्यात!" सासऱ्यासमोर जेवायचं म्हणून मंगलवहिनींनी लाजेने पदर तोंडाशी धरला, पण भाजी पातेल्यात पुरेशी असताना वाढून घेतली. शालनला युक्ती सापडली. मग प्रत्येक घरी ती हेच करायला लागली.

मी डोक्याला हात लावला. "अगं बये, तू बसलीस की त्यांचं ताट बदलतं. मग मोजायचं काय?" तिच्या मार्गदर्शक बाईंचंही तेच म्हणणं पडलं. ही सगळी घरं बाद. दुसऱ्या गावात नव्याने सुरुवात करायची, कोपऱ्यात बसायचं, बघायचं, आणि काही झालं तरी मध्ये पडायचं नाही. पीएचडी हवी असेल तर एवढी एकच अट. त्यांचंही चूक नव्हतं. संशोधन असंच करायचं असतं, हे मी आजही वर्गात ठणकावून सांगेन.

आम्ही कळंबला गेलो. मी अंगणात बाजेवर, शालन आत चुलीपाशी. पुरुषांची जेवणं झाली, मुलगे जेवून उठले. मग त्या घरची माउली आणि तिची नववीतली पोर पातेलं पुढ्यात घेऊन बसल्या, भाकरीच्या तुकड्याने कडा पुसून घेत, वर नुसती चटणी. पोरीची परीक्षा चालू होती. जेवता जेवता तिने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. शालन उठून बाहेर आली. डोळे भरलेले. मी म्हटलं, "थोडे दिवस, शालन. नुसतं गप्प बस. नंतर हवं ते कर." ती म्हणाली, "नलू, नंतर हिचं नववीचं वर्ष परत येणार आहे का?" आणि आत जाऊन मोठ्याने म्हणाली, "वहिनी, भूक लागली बघा. पिठलं टाका, तिघी मिळून जेवू."

पीएचडी तिथेच संपली. मी तिच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. मागून आलेली पोरं डॉक्टर होऊन पुढे गेली, ही जिथल्या तिथे. ती मात्र सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून गावोगाव जेवत हिंडायची. "फुकट जेवते म्हणून बदनाम झालेय मी," म्हणायची. निवृत्त झाली त्या दिवशी मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हटलं हसण्यावारी नेईल. पण नाही. "वाटतं गं. नावापुढे डॉक्टर लागावं असं फार वाटायचं. खोटं कशाला बोलू?" मला त्या दिवशी तिची जितकी माया आली, तितकी कधीच आली नसेल...

गेल्या पंधरवड्यात मंगलवहिनींचा फोन आला. गुडघ्यांमुळे त्यांना दहाव्याला येता आलं नव्हतं. "तुमी तरी येऊन जावा." गेले. आबा जाऊन कैक वर्षं झाली, भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो आहे. मंगलवहिनी आता स्वतःच सासू. दुपार कलली तरी ताटं वाढेनात. मला भूक लागली होती, आणि भुकेली मी काही गोड बोलत नाही. तेवढ्यात गोठ्यातून हात धूत नवी सून आली, सगळ्यांबरोबर पाटावर बसली, आणि मग कुठे भाकरी पुढे आली. मी म्हटलं, "तुझ्यासाठी सगळे थांबले होते होय गं?" ती लाजली. "व्हय. बायामाणसं बसल्याबिगर ताट वाढायचं न्हाय, अशी रीतच हाय हितं. आबांनी घातलेली." आणि तिने फोटोकडे बोट केलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच मंगलवहिनींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. डोळे पुसत हळूच म्हणाल्या, "आसू द्या, बाई. शालनताईंनीच सांगितलं व्हतं मला. म्हणाल्या, माझं नाव कुटं काढू नका, आबांचं सांगा. म्हंजी टिकंल."