तळ्याच्या पाळीखालचे सात आंबे

दिघोरीकडच्या आमच्या गावात तळ्याच्या पाळीखाली, पडीक जागेवर, सात आंबे होते. रोपं बाबांनी लावली आणि उन्हाळ्यात कावडीनं पाणी घालून जगवली. आंबे मात्र मालकांच्या घरी जात.

मालक म्हणजे गावचे मालगुजार, शेतकऱ्यांकडून सारा वसूल करून सरकारात भरणारे. कायदा झाला, मालगुजारी गेली, तळं सरकारजमा झालं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पडीक जागेवरचं झाड ज्यानं लावलं त्याचंच राहील, असं तेव्हा ठरलं होतं. चौकशीला साहेब पाळीवर आले आणि विचारलं, हे आंबे कोणाचे? बाबा हात जोडून म्हणाले, "मालकाचेच हायेत जी."

तसंच लिहिलं गेलं. झाडांसोबत खालचा तुकडाही मालकांकडे राहिला.

बाबा हे हसत सांगायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

"काहून म्हटलं असं?"

"मालक बाजूलेच उभे होते. त्यांच्या तोंडावर माझे म्हणू का?"

विशी ओलांडली तेव्हा मी आंब्याच्या धंद्यात पडलो. झाडावरचा माल ठोक घ्यायचा, तणशीत, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, पिकवायचा आणि भंडाऱ्याला नेऊन विकायचा. पहिल्याच हंगामात बाबांना घेऊन मालकांकडे गेलो. मालक थकले होते, पण दारी आलेल्याला गुळपाणी देण्याची रीत त्यांनी सोडली नव्हती. बाबा पायरीवर बसले. मी उभाच राहिलो.

"भाव तुमी म्हणाल तो," मी म्हणालो. असं मी आयुष्यात पुन्हा कोणाला म्हटलं नाही. "पण चिठ्ठीवर लिहून द्या, झाडं माह्या बापानं लावले."

मालक हसले. "साऱ्या गावाले ठाऊक हाय ते. पाहुण्यायले मीच सांगतो, याच्या हातचे आंबे हायेत म्हणून."

"मंग लिहाले काय जाते?"

"बाबू, भाव अर्धा कर म्हण, करतो. लिहून नाही देत. आज तुले झाडं लिहून देले, त उद्या कोणी विहीर मागन, कोणी खळं मागन. कायद्यानं का कमी नेलं आमचं?"

गुळपाणी तसंच ठेवून मी निघालो. बाबा तिथंच बसून राहिले.

संध्याकाळी दारात आंब्यांनी भरलेली बैलबंडी उभी राहिली. बाबांनी अर्ध्या भावात सौदा केला होता.

"तू भांडाले गेलता का आंबे घ्याले?" एवढंच म्हणाले.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पण घरभर तणशीचा आणि पिकत्या आंब्याचा वास सुटला आणि हात आपोआप कामाला लागले. सात झाडांच्या सात चवी होत्या. एकाला बडीशेपेचा वास यायचा, एक लोणच्याशिवाय कशाच्याच कामाचा नव्हता. भंडाऱ्यात गिऱ्हाईक शेपेच्या आंब्याची वाट पाहत उभं राहायचं. पुढं मी जे काही उभं केलं, ते त्या बंडीवर. हे मी नाकारत नाही. राग मात्र गेला नाही.

मालक गेले, बाबा गेले. मागच्या उन्हाळ्यात नागपूरला राहणारा मालकांचा नातू तो तुकडा विकायला आला; घेणारा मीच होतो. आंबे तीनच उरलेत, फळ कमीच धरतात. मी त्याला तेच सांगितलं: ही झाडं माझ्या बापानं लावली, असं कागदावर यायला हवं. उत्तरं तयार ठेवून गेलो होतो.

त्यानं मोबाइलमधून मानही वर केली नाही. "लिहून घ्या ना काका, काय पाहिजे ते."

ज्या मालकांनी लिहायचं नाकारलं होतं, त्यांना त्या ओळीची किंमत कळत होती. या पोराला त्यात देण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

मी ती ओळ लिहून घेतली. मग राग कुठं काढावा ते सुचेना, म्हणून दुपारपर्यंत त्याच्याशी भावाची घासाघीस करत बसलो.