पडद्याच्या उलट्या बाजूने

सोलापुरात मुके सिनेमे चालत त्या काळी एका सिनेमाचा आवाज मी होतो. एकच संध्याकाळ. तेवढी पुरली.

आमचे बापूमामा गेल्या महिन्यात गेले. तेराव्याला जमलेल्या प्रत्येकाने त्यांच्याविषयी चार शब्द सांगितले. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि खाली बसलो. (मी मास्तर आहे, पण माझा आवाज पहिल्या बाकापलीकडे कधी गेलेला नाही. मागची मुलं माझ्या ओठांवरून शिकली.) म्हणून जे बोलता आलं नाही ते लिहितो आहे. सावकाश लिहितो आहे, कारण मध्येच हसू येतं आणि सुतकातून नुकत्याच उठलेल्या माणसाने हसावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मामा सुताचे दलाल होते आणि सट्टा हा त्यांचा प्राण होता. सुताचा भाव उद्या चढणार असं मामा म्हणाले की पेठेतले शहाणे लोक आजच माल विकून मोकळे होत. मामांच्या अंदाजावर सोलापुरात पुष्कळांनी माड्या चढवल्या. मामांचं स्वतःचं घर मात्र भाड्याचं होतं.

एका वर्षी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत त्यांनी सिनेमाचा तंबू घेतला. सिनेमाचं नाव ‘मोहरांची माया’. गोष्ट पेशवाईतली. एक सावकार लढाई लागणार या भरवशावर मुलखातला सगळा हरभरा विकत घेतो. लढाई लागली की फौजेच्या घोड्यांना हरभरा लागणारच! पण ऐन वेळी तह होतो, भाव पडतो आणि सावकार बुडतो. तेव्हा अब्रू वाचवायला तो आपली मुलगी एका म्हाताऱ्या सरदाराला द्यायला निघतो. मुलीचं प्रेम असतं दुकानातल्या गरीब कारकुनावर, आणि त्याला तर उंबऱ्याच्या आत यायची बंदी. लोक त्या मुलीसाठी रडत. मामा हरभऱ्यासाठी रडत.

आता माझी अडचण सांगतो. त्याच आठवड्यात मी एक मुलगी पाहून आलो होतो. छापखानेवाल्या अण्णांची यमुना. तिने पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा तिच्या बोटांच्या टोकांना काळी शाई लागलेली होती. मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "वाचता येतं का?"

"येतं," ती म्हणाली. "तुम्हाला?"

मी पोह्यांतली मिरची चावली आणि त्याच क्षणी ठरवलं की लग्न करायचं तर हिच्याशी. परंतु ठरवणारे अण्णा होते. ते मला दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "मुलगा बरा आहे. पण मामा सट्टा खेळतो, आणि आता सिनेमाही दाखवतो म्हणे. असल्या गोष्टींचा वारा आम्हाला नको. आठ दिवसांत कळवतो."

सातव्या दिवशी दुपारी मामा धापा टाकत शाळेत आले. सिनेमातल्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा एक गृहस्थ त्यांनी पुण्याहून आणवला होता. (तंबूतल्या निम्म्या लोकांना अक्षरओळख नसे, त्यामुळे असा माणूस लागेच.) त्या गृहस्थाने हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी पाहिली, आपल्याला पुण्याची सवय आहे हे विसरला आणि पोटभर खाल्ली. त्याचा आवाज जो बसला तो पुन्हा उठला नाही.

"तू वाच," मामा म्हणाले.

"मामा, माझा आवाज..."

"ग्रामोफोनचा कर्णा आणलाय. त्यात बोल."

"पण अण्णा येणार आहेत ना?" सिनेमाचा त्यांना तिटकारा, पण इतिहास म्हटला की त्यांना राहवत नसे. शिवाय सिनेमाच्या गोष्टीचं पत्रक त्यांच्याच छापखान्यात छापलं होतं, तेव्हा त्यात इतिहासाच्या चुका किती, हे मोजायला ते येणार होते. "त्यांनी मला तंबूत ओरडताना पाहिलं तर संपलंच सगळं."

"मग पडद्यामागे उभा राहा. कोण बघतंय?"

"पडद्यामागे बायका बसतात, मामा."

"तू मास्तर आहेस. मास्तर कुठेही उभा राहू शकतो."

इथे तंबूची रीत सांगायला हवी. पुरुष पडद्याच्या पुढे बसत आणि बायका मागे. पडद्यावर बादल्यांनी पाणी मारलं की कापड ओलं होऊन चित्र आरपार दिसे. मागच्यांना सगळं उलटं दिसे. पण सावकाराने डाव्या हाताने मिशी पिळली काय नि उजव्या हाताने पिळली काय, बायकांची कधी तक्रार नव्हती.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. पहिली पाटी आली आणि माझ्या लक्षात आलं की पाट्यासुद्धा उलट्याच दिसणार.

मी जन्मभर पुस्तकं वाचली आहेत. त्या क्षणी मला एक अक्षर वाचता येईना, आणि सिनेमाही मी आधी पाहिलेला नव्हता. पुढच्या बाजूने चारपाचशे माणसं वाट पाहत होती. मी कर्ण्यात तोंड घातलं आणि चित्रावरून अंदाजाने म्हणालो, "सावकार म्हणतो, हरभरा घ्या, भाव चढणार." कुणी हरकत घेतली नाही. मला धीर आला.

मग विहिरीवर ती मुलगी आणि तो कारकून भेटले. तिचे ओठ हलले, पाटी आली. प्रेमात पडलेल्या बायका काय बोलतात याचा मला काडीचा अनुभव नव्हता. मी म्हणालो, "मुलगी म्हणते, आज आमच्याकडे वांग्याची भाजी आहे."

"चूक," पुढून अण्णांचा खणखणीत आवाज आला. "‘प्राणनाथ, तुमच्याविना मला जिणं नको’ असं आहे ते. पत्रक मी छापलंय."

"वांगं बी चालतंय की," एक गिरणीकामगार म्हणाला. "म्होरं सांगा वो तुमी."

पुढे एक स्वार दौडत आला आणि त्याने सावकाराच्या हातात कागद दिला. मला वाटलं, आली बातमी. मी ओरडलो, "लढाई लागली!" पुढच्या बाजूला मामांची खुर्ची करकरली. सिनेमा त्यांनी चार वेळा पाहिला होता, तरी ते म्हणाले, "चढला रे चढला हरभरा!" इतक्यात पडद्यावर सावकार छाती बडवून घेऊ लागला. मी सारवासारव केली, "सावकार आनंदाने छाती बडवतो."

"तह झालाय, तह," अण्णा म्हणाले. "सावकार बुडालाय. कोण गाढव वाचतंय हे?"

लोक हसायला लागले. मला पडद्यावरचं पाणी निथळून पाठीत गेल्यासारखं वाटलं. (ते खरोखरच गेलं होतं.) त्याच वेळी माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "चुकीचं वाचताय तुम्ही."

वळून पाहिलं तर यमुना. शेजारी तिच्या आत्याबाई भिंतीला टेकावं तशा तंबूच्या खांबाला टेकून झोपल्या होत्या.

"उलटं आहे ते," मी म्हणालो.

"मग? छापखान्यातले अक्षरांचे खिळे उलटेच असतात. मी सात वर्षांची असल्यापासून उलटंच वाचते. मी सांगते, तुम्ही बोला."

आणि काय सांगावं! ती कानात पुटपुटे, मी कर्ण्यातून गर्जे. ‘बाबा, मुलगी म्हणजे हरभऱ्याचं पोतं नव्हे.’ ‘कारकुना, पुन्हा या उंबऱ्यात पाऊल टाकशील तर हात कलम करीन.’ गिरणीकामगार नाक ओढत म्हणाला, "लई भारी सांगतोय गडी आता." अण्णासुद्धा म्हणाले, "हं. आता बरोबर." मला वाटलं, मी जन्मलो तो याच कामासाठी. त्या भरात ऐकलेलं वाक्य कानातून सरळ तोंडात जाऊ लागलं. वाटेत डोकं लागतं, ते मी बंद ठेवलं.

पडद्यावर सावकार कारकुनाला पत्र लिहायला बसला. कानाशी आवाज आला, "अण्णांनी नकाराचं पत्र लिहिलंय. टिपकागदावर उलटं उमटलेलं मी वाचलं. उद्याच्या टपालाने निघेल."

मी कर्ण्यातून म्हणालो, "अण्णांनी नकाराचं पत्र लिहिलंय! टिपकागदावर उलटं उमटलेलं मी वाचलं! उद्याच्या टपालाने निघेल!"

पुढून कुणीतरी विचारलं, "अण्णा कोन?"

"सरदार आसंल," दुसरा म्हणाला.

अण्णांनी चूक काढली नाही. संध्याकाळभरात पहिल्यांदाच त्यांनी चूक काढली नाही, आणि त्या शांततेत मी काय बोलून गेलो ते मला कळलं. नकार! मी यमुनेकडे वळून विचारलं, "मग आता मी काय करू?" हे मी अगदी खासगीत विचारलं होतं. कर्णा मात्र तोंडालाच होता.

"पळवून न्या की तिला," पुढून चारपाच जणांनी एकदम सल्ला दिला.

"गप्प बसा," यमुना म्हणाली. "पुढची पाटी आली. ऐका नीट." मी ऐकलं. तिने एक एक शब्द सुटा करून सांगितला, आणि मी आजवरच्या सगळ्या तासांत वाचवून ठेवलेला आवाज एकदम खर्च केला.

"माझे वडील काहीही म्हणोत! मी लग्न करीन तर त्या मास्तरांशीच करीन!"

मग तो गिरणीकामगार म्हणाला, "मास्तर कवा आला ह्यात?"

"पाटीवर ‘पाच मिनिटे विश्रांती’ लिहिलंय," अण्णा गरजले. "लग्न कुठून काढलं?"

ते उठले ते थेट पडद्याकडे. दिव्याच्या झोतात त्यांची सावली पागोट्यासकट पडद्यावर पडली, हत्तीएवढी. "पेशवे आले," कुणीतरी म्हणालं आणि काही जण आदराने उभे राहिले. अण्णांनी पडदा खालून उचलला आणि वाकून आत शिरायला गेले. त्यांचं पागोटं दोरीत अडकलं. अण्णा ओढू लागले, दोरी बांबूला ओढू लागली, आणि तो ओलाकच्च पडदा आम्हा तिघांवर येऊन पडला.

आत आम्ही किती वेळ चाचपडत होतो कोण जाणे. बाहेर आलो तेव्हा यंत्र चालवणाऱ्याने पाटी तशीच ठेवलेली होती. पडदा नव्हताच. त्यामुळे ‘पाच मिनिटे विश्रांती’ ही अक्षरं माझ्या पांढऱ्या कोटाच्या पोटावर पडली होती, चांगली सुलटी. पुढे सगळे पुरुष, मागे सगळ्या बायका, मध्ये आम्ही. विणकरांच्या घरची एक तेलुगू म्हातारी टाळ्या पिटत होती. तिच्या मते याच्याइतका चांगला प्रवेश आजवर झाला नव्हता.

अण्णांनी माझं पोट वाचलं. मग मुलीकडे पाहिलं.

"पाटीवर ते होतं?"

"नाही."

"मग ते कोण म्हणालं?"

मी कर्णा खाली ठेवला. "मी म्हणालो," मी म्हणालो. पहिल्या बाकाला जेमतेम ऐकू गेलं असेल.

"मी सांगितलं, म्हणून ते म्हणाले," यमुना म्हणाली. "त्यांना पाट्या वाचता येत नव्हत्या."

अण्णा माझ्याकडे वळले. "मास्तर ना तू? वाचता येत नाही?"

"उलटं नाही येत."

मामा धावत आले. दलालीत मुरलेला माणूस; दोन्ही बाजू गप्प झाल्या की सौदा तुटतो, हे त्यांना माहीत होतं. "अण्णा, बोला," ते हळूच म्हणाले. "चारपाचशे माणसांनी तिकीट काढून ऐकलंय. आता नकार दिलात तर मुलीला दुसरं स्थळ बघायला सोलापूर सोडावं लागेल."

अण्णांनी भिजून मांडीएवढं झालेलं पागोटं पिळलं. खूप वेळ पिळलं. लोक वाट पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "हिला वाचता येतं. घरात एकाला आलं तरी भागतं."

टाळ्या इतक्या झाल्या की आत्याबाई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "संपला का?"

दुसऱ्या दिवशी मामांच्या तंबूला मुंगीला शिरायला जागा नव्हती. तो म्हातारा पडदा पाडतो तो प्रवेश दाखवा, नाहीतर पैसे परत द्या, म्हणून लोक अडून बसले. मामा अण्णांना रोज संध्याकाळी हात जोडून बोलवायला जात आणि अण्णा रोज दार लावून घेत. तरी जत्रा संपेपर्यंत मामांना फायदा झाला. जन्मातला पहिला. त्या सगळ्याचा त्यांनी हरभरा घेतला. पुढचं सांगत नाही, माणूस गेलाय.

त्या फाल्गुनात आमचं लग्न झालं. संसाराला आता पुष्कळ वर्षं झाली. तंबू गेला, मुके सिनेमे गेले. आमच्या घरातली पद्धत मात्र तीच राहिली: ही हळू आवाजात एकदा सांगते, मी मोठ्याने म्हणतो, आणि शेजारीपाजारी म्हणतात, मास्तरांचा घरात काय दरारा आहे!