दादाची कॉमेंट्री

गुरुवारी सकाळी दादा गेला. फोन आला तेव्हा मी लातूरला, कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर होतो. दुपारी उमरीला घरी पोचलो.

तेराव्यानंतर आई मला म्हणाली, "बाबा, त्याचं ते कबड्डीचं लाव की मोबाईलवर. आवाज तरी ऐकू दे." मी मोबाईलवर आमचं चॅनल उघडून सामन्यांची यादी चाळली. तिला हवा होता तो आवाज माझ्याकडे नव्हता, आणि त्याला कारण मीच होतो.

दादाचं उमरीत मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. कबड्डी त्याने तिशीत सोडली, मैदान सोडलं नाही. गावोगावच्या स्पर्धांत माइक त्याच्याकडेच असायचा. सामने घरबसल्या दिसावेत ही कल्पना त्याची. कसं करायचं ते मी वाचून काढलं. घरातले नि मित्रांचे मिळून चार जुने मोबाईल जमले. एकाची काच तडकलेली होती, पण कॅमेरा शाबूत होता. दादाने बांबूंना सायकलची ट्यूब गुंडाळून त्यात मोबाईल घट्ट बसवले. दोन मैदानाच्या दोन टोकांना, एक मधल्या रेषेसमोर, एक गुणफलकावर. चारही चित्रं वायफायवरून माझ्या लॅपटॉपवर यायची आणि त्यातलं कुठलं इंटरनेटवर आमच्या चॅनलवर थेट सोडायचं ते मी ठरवायचो. लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनमधून एक वायर ओढली की दादाचा आवाजही जायचा. उन्हात मोबाईल तापून बंद पडायला लागले, तेव्हा त्याने प्रत्येक बांबूला छत्री बांधली.

"दादा, नवरदेव उभा केला की काय?" खेळाडू विचारायचे.

"नवरदेवच हाय. धक्का लागला तर वरात तुझ्याच घरी आणीन."

दादा गुण सांगायला विसरायचा, खेळाडूचं आजोळ कधी विसरायचा नाही. कुठल्या पोराचा मामा कुठल्या गावचा, हे त्याला तोंडपाठ होतं. "हा आला बघा चाकूरचा भाचा! मामा समोर बसलाय बेट्या, आता हात लावूनच ये!" देगलूरकडे गेलो की तेलुगूही मिसळायचा. "पट्टुको, पट्टुको! आरं, धरला हुता की, सोडला कशाला?" मैदान खो खो हसायचं. मी लॅपटॉपसमोर मान खाली घालून बसायचो.

लातूरला वीस वर्षं राहून माझी भाषा धुऊन निघाली होती. एकदा कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी आमचा सामना पाहिला. म्हणाले, "चित्र फार छान हो. कॉमेंट्री मात्र अगदीच गावठी. कोण आहेत ते?"

"असतील तिथलेच कुणीतरी," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी आधीच्या सगळ्या सामन्यांचे व्हिडिओ चॅनलवरून कायमचे काढून टाकले. पुढच्या स्पर्धेपासून दादाच्या आवाजाची पट्टी लॅपटॉपवर तळाशी ओढायची आणि बासरीचं संगीत सोडायचं, असं सुरू केलं. मैदानावर दादा घसा फोडून बोलत असायचा. बाहेर बासरी जायची. आईने घरी विचारलं, "आवाज न्हाई यायला त्याचा?" मी तिला नि दादाला, दोघांनाही सांगितलं, की मोबाईलचं चित्र मागून येतं आणि आवाज आधी पोचतो, त्यामुळे जुळत नाही. ते खरंच होतं. पण आवाज थांबवून धरायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. एका चौकटीत एक आकडा टाकायचा होता. पहिल्याच स्पर्धेत मी तो टाकला होता.

देगलूरच्या स्पर्धेत अंतिम सामन्याआधी दादा माझ्या टेबलाशी आला. पुण्याला असलेल्या त्याच्या मित्राचा फोन आला होता.

"काय सायेब, तो इचारायलाय, कबड्डी हाय का कुणाचं लगीन? नुसती बासरी वाजायली म्हणं."

तो वाकून पडद्याकडे बघू लागला.

"हे माझं हाय का?" त्याने तळाशी असलेल्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हो."

"अन् हे?"

"बासरी."

जन्मभर वायरींत हात घातलेला माणूस. त्याला अजून सांगायची गरज नव्हती. "मंजे खराबी कायी न्हाई," तो म्हणाला. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "ऱ्हाऊ दे. बासरी बरी हाय."

तो गेल्यावर मी बासरी बंद केली आणि त्याची पट्टी वर नेली. तेवढंच मला सुचलं. उठून त्याच्यामागे जायला हवं होतं, ते गेलो नाही. सामना सुरू झाला. दादा माइकवर शब्द जपून, माझ्यासारखं बोलत होता. "उमरी संघ, दोन गुण. देगलूर संघ, एक गुण." मामा नाही, भाचा नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "दादा, तब्येत बरी हाय का?" तो हसला नाही. त्यानंतर त्याने माइक हातात घेतला नाही. दुकानात काम फार आहे म्हणायचा. पावसाळा संपायच्या आत तो गेला.

शेवटी मी आईला देगलूरचा तोच सामना लावून दिला. तिने मोबाईल कानाशी धरला, थोडं ऐकलं आणि मला परत दिला.

"हे दुसरंच कुणी हाय, बाबा. त्याचं लाव."

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. बासरीचे सगळे सामने चॅनलवर आहेत. दादाचा आवाज एकाच सामन्यात आहे, आणि त्यात तो फक्त गुण सांगतो.