नंबर लिहून आणा, फोटो आम्ही काढतो

आमच्याकडे किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. लग्न उरकलेली माणसं फोटो निवडायला बसतात आणि किस्सा आपोआप तयार होतो. एक सांगायला घेतला की दुसरा आठवतो, आणि चहा गार होतो.

उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचं लग्नाचे अल्बम बनवायचं दुकान आहे. मालक घनश्यामभाई, सिंधी; मराठी छान बोलतात, पण मध्येच गाडी हिंदीवर जाते. सुनीलदादा अंबरनाथचा, आधी एमआयडीसीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. आणि तिसरी मी, बदलापूरहून येणारी वैशाली.

काम असं. फोटोग्राफर आम्हाला दोन फोल्डर देतो, नुसते बघायला ‘छोटे’ आणि छापायला ‘मोठे’. दोन्हींत आत तेच फोल्डर, साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन, आणि फोटोंची नावंही तीच. पार्टी, म्हणजे लग्नघरची माणसं, ‘छोटे’ घरी नेऊन बघते, आवडलेल्यांचे नंबर लिहून आणते. आम्ही तेवढेच ‘मोठे’मधून उचलून ‘अल्बम’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. हळदीचे हळदीत, लग्नाचे लग्नात.

मी हे माउसने करायचे. तीनशे फोटो म्हणजे अख्खी सकाळ.

सुनीलदादा आला त्याच आठवड्यात त्याने कॉम्प्युटरवर कमांड लिहायची एक काळी खिडकी उघडली, माझी यादी तिला दिली, एक ओळ टाईप केली. अक्षरं भराभर वर सरकली आणि थांबली. सगळे फोटो आपापल्या फोल्डरमध्ये जाऊन बसलेले.

घनश्यामभाईंचा विश्वास बसेना. त्यांनी यादी हातात घेऊन एकेक फोटो स्वतः ताडून पाहिला. त्यातच त्यांची दुपार गेली. एकही चूक सापडली नाही.

मग मला म्हणाले, “वैशाली, पार्टीला परवा बोलव. लगेच दिलं तर त्यांना वाटेल, इन्होंने कुछ किया ही नहीं.”

\*

खरवईच्या एका लग्नाला दोन फोटोग्राफर होते, दोघांकडे एकाच कंपनीचे कॅमेरे. त्यामुळे एकच नंबर दोन-दोन फोल्डरमध्ये. यादी करताना मी फक्त नंबर लिहिले, कुठला फोल्डर ते लिहिलंच नाही. काळ्या खिडकीने काही विचारलं नाही. तिला जो फोटो सापडला तो तिने घेतला.

अल्बमचा नमुना नवरीच्या घरी गेला. पाठवणीच्या पानावर नवरी आईच्या गळ्यात पडून रडते तो मोठा फोटो हवा होता. तिथे नवरीचा मामा जिलेबी खात होता, पानभर.

दुसऱ्या दिवशी नवरीच्या आईचा फोन. मी आधीच माफी मागायला लागले. त्या म्हणाल्या, “ते राहू दे गं. माझ्या भावाचे सगळ्या फोटोंत डोळे मिटलेत. एवढ्या एकातच उघडे आहेत. काढू नको, नुसता पुढच्या पानावर घे.”

\*

आता माझा स्वतःचा. हा सांगायला अजून जड जातो.

अंबरनाथच्या एका घरचं लग्न होतं. बुद्धविहारात लागलेलं, पांढऱ्या कपड्यांचे सुरेख फोटो. पांढरा रंग नीट दिसावा म्हणून सुनीलदादा तीन दिवस एकेका फोटोवर बसला होता. एकशे ऐंशी फोटो तयार होऊन ‘अल्बम’मध्ये बसले, आणि नवऱ्याच्या बहिणीने आणखी बारा नंबर पाठवले.

मी ते बारा वेगळे काढले आणि ‘अल्बम’मध्ये टाकायला कमांड दिली. फक्त चुकीची दिली. ती कमांड ‘भर घाल’ असं सांगत नव्हती, ‘दोन्ही बाजू सारख्या कर’ असं सांगत होती. तिने सारख्या केल्या. इकडे बारा, तिकडेही बाराच; तयार झालेले एकशे ऐंशी उडाले. आणि असं उडालेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही.

दादा शेजारीच होता. मी त्याला सांगितलं.

तो म्हणाला, “खिडकी बंद करू नको. काय टाईप केलंस ते मला वाचून दाखव.”

मी वाचलं.

“ठीक आहे. मूळचे फोटो ‘मोठे’मध्ये आहेत ना? मग गेलं ते माझं काम. ते मला परत करता येतं.”

आणि त्याने केलं, पुन्हा तीन दिवस. एकदाही बोलून दाखवलं नाही. पुढच्या सोमवारी त्याने मला कमांडचा एक ऑप्शन शिकवला. तो लावला की कॉम्प्युटर काहीच करत नाही, करणार काय आहे तेवढं दाखवतो.

मागून घनश्यामभाई ऐकत होते. म्हणाले, “सुनील, ये घर के लिए मिलेगा क्या? बायकोशी बोलायच्या आधी लावतो.”

\*

एका जोडप्याने वेगवेगळ्या याद्या पाठवल्या. दोघांच्या किती जुळतात याची मला फार उत्सुकता, म्हणून दादाने दोन्ही याद्या कॉम्प्युटरला ताडायला दिल्या. सामाईक निघाला एकच फोटो. त्यात दोघांची पाठ कॅमेऱ्याकडे आहे आणि दोघं मांडवामागे वाकून चपला शोधतायत.

\*

हेंद्रेपाड्याच्या भोईरकाकू आल्या तेव्हा त्यांच्या मुलाचा अल्बम देऊन वर्ष झालं होतं. हातात नवा पेनड्राइव्ह.

“फोटो नकोत,” त्या म्हणाल्या. “त्या लग्नाचे नुसते फोल्डर द्या. नावं तीच, आतमध्ये काही नको.”

मला वाटलं, दुसरं कार्य निघालं. विचारलं तर म्हणाल्या, “मला एकच मुलगा.”

“बरा आहे ना तो?”

“बरा आहे की. सुनेचा काल फोन होता.”

दादाने कमांड दिली. तशी सोय असते, सगळा सांगाडा उतरतो, फाइल एकही येत नाही. क्षणात झालं. अकरा फोल्डर.

“एकेक उघडून दाखव,” काकू म्हणाल्या.

मी उघडत गेले. साखरपुडा, रिकामं. मेंदी, रिकामं. हळद उघडली तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवलं, त्या कोऱ्या पडद्याकडे जरा वेळ बघितलं, मग म्हणाल्या, “चल पुढे.” शेवटचा होता गृहप्रवेश. तोही रिकामा.

त्यांचं समाधान झाल्यासारखं दिसलं. उठता उठता म्हणाल्या, “यांत मी माझ्या मोबाईलवरचे फोटो भरीन. आणि याच्या खाली अजून एक कर, सुनेला दिवस गेलेत.”

मी केला. “नाव काय देऊ, काकू?”

“नाव मी घरी जाऊन देईन,” त्या म्हणाल्या, आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवून जिना उतरून गेल्या.