किल्ली सांगलीत होती

बिरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत एका छापखान्यात बसून आमच्या शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाची पत्रिका तपासत होतो. फोन मुख्याध्यापकांचा होता. बिरा सुभेदार सकाळी अंगणात चहा घेता घेता खुर्चीतच कलंडले, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही, असं ते सांगत होते. बिरा माझा पहिलीपासूनचा वर्गमित्र. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "म्हणजे आता तारीख पुढं ढकलावी लागेल का?"  मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही आधी या तर खरं." दोन महिने होत आले, पण ते वाक्य माझी पाठ सोडत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायचे असतात. बिराबद्दल ते लिहायला मला काहीच कष्ट नाहीत. पंचाईत आहे ती माझ्याबद्दल काय लिहायचं याची.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, सांगलीच्या हद्दीला टेकलेलं, कायम दुष्काळी. बिराच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की घरदार कळपामागं कृष्णाकाठाकडं निघायचं आणि शाळा बुडू नये म्हणून बिरा तेवढा मामाकडं मागं राहायचा. शाळेची ओढ त्याला आमच्यापेक्षा जास्त होती, कारण त्या दिवसांत त्याला घर म्हणून शाळाच होती. पुढं तो सैन्यात गेला, सुभेदार होऊन परतला. मी सांगलीत सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कोणाची खुर्ची कुठं, हार आधी कोणाला, पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर, हे माझ्याइतकं चोख कुणाला जमत नसे. या गुणाचा मला अभिमान होता...

बिराची नात अश्विनी आठवीत असताना वर्ग चालू असतानाच छताच्या गिलाव्याचा ढलपा तिच्या बाकावर पडला. वीतभर अंतरानं पोरगी वाचली. बिरानं तो ढलपा फडक्यात बांधून घेतला आणि माजी विद्यार्थ्यांच्या दारोदार निघाला. फलटण, पुणे, पनवेल, जिथं जिथं आमचे गाववाले पांगले होते तिथं तिथं. कुणाच्याही घरी गेला की भाषण नाही, पावतीपुस्तक नाही. टीपॉयवर फडकं सोडायचा, ढलपा मांडायचा आणि चहा पीत बसायचा. घरच्या बाईला आपल्या चकचकीत काचेवर ती माती बघवायची नाही. ती नवऱ्याकडं बघायची, नवरा ढलप्याकडं, आणि काम व्हायचं. मी बिराला म्हटलं होतं, "अरे, रीतसर विनंतीपत्र तरी काढू." तो हसला. "वसंता, पत्र लोकं घडी घालून ठेवत्यात गड्या. ह्येची घडी व्हत न्हाई."

पैसे जमले ते असे. समितीचा अध्यक्ष मात्र मी झालो. बिरानंच माझं नाव सुचवलं, कागदपत्रं मला कळतात म्हणून. तो बांधकामावर खुर्ची टाकून बसला. सिमेंटवर पाणी मारायला गवंडी विसरले तरी तो विसरायचा नाही. अश्विनी दहावीला जायच्या आत तीन खोल्या आणि एक सभागृह उभं राहिलं. रंग झाला, बाकं आली, खिडक्यांना गज बसले. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं आत बसवायची, एवढंच त्याला हवं होतं.

चूक तिथंच झाली, आणि ती माझी. इमारत पुरी व्हायच्या आधीच मी मिरजेहून कोनशिला कोरून आणली होती. वर प्रमुख पाहुण्यांचं नाव, त्याखाली दोन पुढाऱ्यांची आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरांत, माझं. पाहुण्यांनी फोनवर होकार दिला होता, तारीख दिली नव्हती. आता दगडावर ज्याचं नाव कोरलं त्याच्या हस्ते फीत कापल्याशिवाय दार उघडायचं कसं? आमच्याकडं पूल, विहिरी, बसथांबेसुद्धा पाहुण्यांची वाट बघत उन्हात उभे असतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. जूनमध्ये अधिवेशन निघालं. मग पितृपक्ष आला. मग निवडणुकीची आचारसंहिता. मी कुलूप घातलं आणि कुणी आगाऊपणा करू नये म्हणून किल्ली सांगलीला आणून कपाटात ठेवली.

जुन्या खोल्या धोकादायक ठरलेल्या. दहावीचा वर्ग सोसायटीच्या खताच्या गोदामात भरत होता. एक दार, खिडकी नाही, दिवसा दिवा लावायचा आणि वीज गेली की पोरींनी दाराशी सरकून बसायचं. खताच्या वासानं त्यांचे डोळे चुरचुरायचे. गोदामाच्या दारातून समोर नवी इमारत दिसायची. हे मला माहीत होतं. मी स्वतः जाऊन बघून आलो होतो. तेव्हा वाटलं, दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

दिवाळीनंतर बिरा सांगलीला माझ्या घरी आला. ती आमची शेवटची भेट. पाणी प्यायला, चहाला नको म्हणाला. म्हणाला, "वसंता, किल्ली दे. साहेब यायचं तवा परत कुलूप लावू, फीत बांधू. तेला काय कळतंय?" मी त्याला समजावलं. फोटो निघतील, बाकं वापरलेली दिसतील, कुणीतरी वर कळवेल, साहेबांचा अपमान होईल, पुढचा निधी अडेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दगडावर नाव कोरलंय म्हणून पोरी खतात बसवायच्या व्हय रं?"  खरं उत्तर असं होतं की त्या दगडावर माझंही नाव होतं, आणि साहेब आले नाहीत तर त्याच्यावरचा पडदा बाजूला व्हायचा नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं क्रमानं लावली, एकदा स्वतःचं लागलं होतं. हे बिराला सांगायची मला लाज वाटली. तो उठला, चपला घातल्या आणि मागं न बघता बसस्टँडकडं चालू लागला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर रोज सकाळी एक फोटो टाकायला सुरुवात केली. इमारतीचं दार, दारावर कुलूप. खाली एक शब्द नाही. धुक्यातलं कुलूप, उन्हातलं कुलूप, कुलपावर बसलेला सरडा. सुरुवातीला लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, मग थट्टा केली, मग वैतागले. पुण्यातल्या एकानं मला फोन करून सांगितलं की साहेबांचे स्वीय सहायक आपल्याच बॅचचे आहेत, ते हे सगळं बघतात, वाईट दिसतं. मी ग्रुपचा ॲडमिन होतो. मी बिराला ग्रुपमधून काढून टाकलं. एक बोट टेकवायचं काम होतं ते. त्यानं फोन करून जाब विचारला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारला नाही, आणि मीही कधी फोन केला नाही. फेब्रुवारीत तो गेला.

ग्रुपवर त्याच्यासाठी दिवसभर श्रद्धांजलीचा पाऊस पडला. 'शाळेचा आधारवड कोसळला' असं त्याच पुण्याच्या माणसानं लिहिलं. ठरलेली तारीख पुढं गेली आणि उद्घाटन अखेर एप्रिलमध्ये झालं. साहेब अडीच तास उशिरा आले, वीस मिनिटं थांबले. माझं नाव असलेल्या दगडावरचा पडदा सरकला, टाळ्या झाल्या. सभागृहाला कैलासवासी सुभेदारांचं नाव द्यावं असं साहेबांनी जाहीर केलं, पुन्हा टाळ्या झाल्या. दहावीची परीक्षा मार्चमध्येच संपली होती. नव्या बाकांवरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं.

कार्यक्रमाआधी मी बिराच्या घरी गेलो होतो. नात पहिल्या बाकावर बसली आहे आणि मागं आजोबांचा हार घातलेला फोटो, असं एक छायाचित्र वर्तमानपत्राला द्यावं, ही कल्पना माझीच. अश्विनी अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं माझं बोलणं नीट ऐकून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर सोसलं असतं. "आवं आजोबा, आबा रोज सकाळी दारापर्यंत जाऊन यायचं. तुमी ग्रुपातनं काडलं तरी जायचं. मला म्हनायचं, आज उगडंल बघ. परीक्षेला बसंस्तवर एक दिस तरी त्या खोलीत बसशील. मी गोदामातनंच पेपरचा अभ्यास केला. आता फोटोपुरती बसू व्हय?"  तिनं पाला टाकायचं काम पुन्हा सुरू केलं.

कार्यक्रम उरकून परतताना एसटीत बसल्या बसल्या मला काय सुचलं कोण जाणे. काहीतरी दुरुस्त करता येईल असं वाटलं असावं. मी फोन काढला आणि बिराचा नंबर ग्रुपमध्ये परत घेतला. पडद्यावर त्याचं नाव उमटलं, सैन्याच्या टोपीतला फोटो दिसला आणि माझे डोळे भरून आले. लगेच पाच-सहा जणांनी हात जोडले. त्याचा फोन आता अश्विनीकडं असतो, हे मला आठवलं तेव्हा विट्याच्या अलीकडची उसाची रानं लागली होती. मी फोन हातातच धरून ठेवला. जरा वेळानं हात जोडल्याच्या त्या रांगेखाली एक ओळ आली. बिरा ग्रुपमधून बाहेर पडला होता.