मागची ऊबदार जागा

आमच्या बसचं इंजिन सगळ्यात मागच्या बाकाखाली. त्यामुळे तो बाक कायम कोमट, आणि कंडक्टर ताईंना त्याचा भारी अभिमान. थंडीत एखादी गरोदर बाई चढली, की ताई तिथल्या पोरांना दरडावायच्या, "उठा रे, हाडं तरणी आहेत तुमची!" आणि तिला हात धरून तिथे बसवायच्या. गाडी मी चालवायचो, राज्य मात्र त्यांचं. माझं ऐकायला फक्त ब्रेक, तोही मनात आलं तर.

त्यांची नात रोज आमच्याच बसने शाळेत जायची. सगळे तिला चिमणी म्हणत. छातीत सदा घरघर. पोरीला गारवा बाधतो म्हणून आजी तिला शाल गुंडाळून त्याच बाकावर बसवायची. वाटेत लांबलचक बोगदा होता. गाडी आत शिरली की मागून खोकला सुरू व्हायचा. आरशात पोर दिसायची नाही, पण माझी पाठ ताठ व्हायची.

एके दिवशी हवा मोजणारी एक मुलगी चढली. बसमधल्या माणसांच्या छातीत किती धूर जातो, हे तिला बघायचं होतं. हातात छोटी डबी, डबीवर आकडे. पाहुणी म्हणून ताईंनी तिलाही मागेच बसवलं. बोगद्यात ती ओरडलीच, "बाई, हे बघा!"

ताई डबी घेऊन माझ्यापर्यंत आल्या, आकडा उतरला. मागे गेल्या, तो भराभर चढला. पुन्हा पुढे आल्या, पुन्हा मागे गेल्या.

"अगं बाई! एवढं सगळं आत येतंय, आणि डोळ्यांना दिसत नाही?"

"इंजिनावरचं झाकण नीट बसत नाहीये," मुलगी म्हणाली. "फटीतून धूर येतोय."

माझा जन्म गेला ह्या गाडीत, आणि रिकामी वाटणारी हवा अशी गच्च भरलेली निघावी! ताईंनी चिमणीला उचलून पुढे आणलं. तिची शाल नीट गुंडाळली. मग हळूच म्हणाल्या, "दादा, किती जणींना मी मायेनं तिथं बसवलं हो."

दुसऱ्या दिवशी डेपोत गाडी भरली. आमच्यात कंडक्टरने दोनदा घंटा दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. ताईंनी दोरी हातात धरली आणि ओढलीच नाही. डेपोचे साहेब धावत आले, नोकरीवर गदा आणायच्या गोष्टी बोलले. मी हाताची घडी घालून बसलो. घंटाच नाही, तर माझा काय दोष?

"झाकण बसवा, घंटा देते," ताई एवढंच म्हणत राहिल्या. साहेबांचा आवाज चढत गेला, त्यांचा चढला नाही. ही बाई एरवी उंदराला भिते, हे मला माहीत होतं, म्हणून मी बघतच राहिलो. शेवटी मेकॅनिक आला आणि त्याने झाकणाला नवं रबर बसवलं. हवा मोजणारी मुलगी त्या दिवशीही आली होती, ताईंनी तिच्याकडून डबी मागून घेतली. मागच्या बाकावर आधी स्वतः बसून बोगदा पार केला. आकडा चढला नाही, मगच तिथे दुसऱ्या कुणाला बसू दिलं.

चिमणी आता माझ्या पाठीमागच्या सीटवर बसते. बोगदा आला की माझी पाठ अजूनही ताठ होते, खोकल्याची वाट बघते. काल मागून आवाज आला.

"ड्रायव्हर आजोबा, हॉर्न वाजवा ना, कसला घुमतो!"

मी वाजवला. बोगदा संपेपर्यंत वाजवला.