तयार रिपोर्टातली एक ओळ

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. एरवी तिला सगळं सांगतो—कोणाला बघून जीव कासावीस झाला, कोणावर उगाच खेकसलो—पण हे नाही. का, ते मला ठाऊक आहे. तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

मी रत्नागिरीत हृदयाची इको करतो. अंधारी खोली, छातीवर थंड जेल, स्क्रीनवर हलणारं करडं चित्र. गर्दी असते, म्हणून रिपोर्ट आधीच टाईप करून ठेवलेला असतो—सगळं नॉर्मल. काही वेगळं दिसलं की तेवढी ओळ बदलायची. पद्धतच आहे ती. त्यात खालून दुसरी ओळ असते: हृदयावरचं आवरण नॉर्मल.

इस्माईलभाई नाटे गावचे. मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे सगळी बोट त्यांच्या शब्दावर चालायची. आले तेव्हा पोट पाण्यानं फुगलेलं, पाय सुजलेले, हातांच्या मात्र काटक्या. ज्या मोठ्या डॉक्टरांनी, आमच्या सरांनी, त्यांना माझ्याकडे पाठवलं, त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं—दारूमुळे लिव्हर खराब.

“डॉक्टर, अल्लाची कसम, कदी तोंडाला लावली नाय,” ते आडवे होता होता म्हणाले. “घरात कोन मानत नाय.”

घरात शिरलं की बायको तोंडाचा वास घेते, भाऊ बोटीवर पाय ठेवू देत नाही, मुलीचं ठरलेलं लग्न या बोलण्यापायी अडलंय—सगळं ते छताकडे बघत सांगत राहिले. तरुणपणी टीबी झाला होता, हेही त्यातच बोलून गेले.

आणि मला दिसलं. शंका आली असं म्हणत नाही—दिसलं. ते श्वास घेत तसा हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा झटका खाऊन डावीकडे सरकत होता. पोटातून हृदयाकडे येणारी मोठी शीर तट्ट फुगलेली, श्वासाबरोबर जराही आकसत नव्हती. नुसतं लिव्हर बिघडलं असतं तर ती अशी फुगली नसती. जुन्या टीबीनं आवरण करवंटीसारखं कडक झालं होतं, आत हृदयाला पसरायला जागाच नव्हती. दारूचा काही संबंध नव्हता. माणूस खरं बोलत होता.

मी सरांना फोन केला. माझे निम्मे पेशंट त्यांच्याकडून येतात, इथे मला त्यांनीच उभं केलं. माझं वाक्य अर्धंच झालं असेल.

“दारूच आहे रे. शपथा सगळेच घेतात. तू पंपिंग किती ते लिही.”

मी पंपिंग लिहिलं. ती ओळ—ती तशीच राहू दिली. सीटी करून घ्या, एवढं लिहायला कितीसा वेळ लागला असता? खाली सही केली, शिक्का मारला.

सात-आठ महिन्यांनी इस्माईलभाई पुन्हा दारात. मी ओळखलंच नाही, पोट सपाट झालेलं. मुंबईला कोणीतरी सीटी केला, आवरण जाड आणि चुना साठलेलं निघालं, ऑपरेशन करून ते सोलून काढलं. जीव वाचला. पण मुलीचं लग्न मोडलं होतं, आणि बोटीवर भावानं दुसरा तांडेल ठेवला होता.

“त्या डॉक्टरनी घात केलान माझा,” ते म्हणाले. “तुमी तरी ऐकून घेतलात. तुमच्या मशीनमधी तेवा दिसला नसेल, नाय?”

बघा, इथे तरी मला बोलता आलं असतं. सर नव्हते, फोन नव्हता. समोर फक्त तो माणूस, आणि त्याला माझ्यावर भरवसा.

“नाही,” मी म्हणालो. “तेव्हा दिसलं नाही.”

घात सरांनी केला, असं मीही मनाशी म्हणून पाहिलंय. पण सरांनी पडदा पाहिलाच नव्हता. पाहिला होता मी. ते चित्र अजून मशीनमध्ये आहे, मी पुसलेलं नाही.

जाताना त्यांनी घरच्या सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पिशवी टेबलावर ठेवली. घरी माझ्या बायकोनं ते कांद्यावर परतले, कोणी दिले म्हणून विचारलं. एका पेशंटनं, खूश होऊन, मी म्हणालो, आणि दोनदा वाढून घेतले.